'गेली… सुटला… गेली!' यात कर्ता कुठे?

प्रश्न असा: २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत क्रिकेटच्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असताना व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला, 'गेली… सुटला… गेली!' कोण गेली, काय सुटला? लिंगाची चूक आहे का?

चूक अजिबात नाही. परभाषक जिच्या नावानं बोटं मोडतात, ती मराठीची लिंगव्यवस्था इथे झकास कामाला आलीय. १०१ वर खेळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टचा फटका हवेत उडाला. 'गेली' ती फलंदाज. चेंडू भारताच्या अमनज्योत कौरच्या हातून निसटला; 'सुटला' तो झेल. शेवटी तिनं तो धरलाच, म्हणून पुन्हा 'गेली'. तीन क्रियापदं, दोन कर्ते, आणि लिहिलेला एकही नाही.

पहिलं 'गेली' तर झेल व्हायच्या आधीचं. मग भूतकाळ कसा? पायात चपलाही नसताना आपण 'आलो, आलो!' म्हणून ओरडतो, तसाच. घडू घातलेली गोष्ट मराठी बिनधास्त घडवून टाकते.

रेडिओवर हे चाललं नसतं. बाळ ज. पंडितांच्या धावत्या समालोचनात कोण, कुठे, कुणाच्या चेंडूवर हे सांगावंच लागे. ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हतं. ग्रुपवर सगळेच टीव्हीसमोर. तिथे माहिती कुणाला हवी असते? सोबत हवी असते. म्हणून असल्या लिखाणाला 'थेट समालोचन' म्हणणं मला पटत नाही. हा आरडाओरडाच, फक्त टंकलेला.

पुरुषांच्या सामन्यात मात्र घोळ होतो. नुसतं 'गेला!' आलं तर फलंदाज गेला की चेंडू प्रेक्षकांत गेला? महिलांच्या सामन्यात चेंडू 'गेला', फलंदाज 'गेली'; प्रश्न मिटला.

मोबाइलवर बघणाऱ्याची वेगळीच पंचाईत. इंटरनेटवरून चित्र तुकड्यातुकड्यांनी, थोडं साठून येतं, त्यामुळे ते बरेचदा टीव्हीच्या काही सेकंद मागे असतं. त्याच्या पडद्यावर दीप्ती शर्मा चेंडू टाकायला अजून धावतेय आणि इकडे 'गेली!' येऊन पडलेलं. याला 'स्पॉइलर दिला' कशाला म्हणायचं? पेपर फुटतो, बातमी फुटते, तशी 'विकेट फोडली' म्हणा.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा ऐन सामन्यात 'गेली!' आलं. अर्ध्या लोकांनी टाळ्यांचे इमोजी टाकले. गेली होती ती बी विंगची लाइट.