पहिला फ्लॅश घेताना आधी कॅमेऱ्याची खाच बघा

प्रश्न (लातूर) : माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. मित्राचा योंगनुओ ५६० फ्लॅश लावून पाहिला, पण पेटतच नाही. त्याच्या जुन्या कॅननवर व्यवस्थित चालतो. बिघाड कॅमेऱ्यात आहे का?

बिघाड कशातच नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर जिथे फ्लॅश सरकवता, त्या खाचेत, म्हणजे हॉट शूमध्ये, नीट बघा. मित्राच्या कॅमेऱ्यावर मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका दिसेल आणि त्याच्याजवळ चार-पाच बारके. तुमच्याकडे तो मधला ठिपकाच नाही. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या स्वस्त मॉडेलांवरून कॅननने तो काढून टाकला. योंगनुओ ५६० किंवा गोडॉक्स टीटी६०० यांसारख्या साध्या मॅन्युअल फ्लॅशना ‘पेट’ हा निरोप फक्त त्याच ठिपक्यातून मिळतो.

तेव्हा तुम्ही कॅननसाठीचा टीटीएल फ्लॅशच घ्या, म्हणजे किती उजेड सोडायचा ते कॅमेरा ठरवतो असा. उदाहरणार्थ गोडॉक्स टीटी६८५ टू. नावाच्या शेवटी ‘सी’ हवा, ‘एन’ असेल तर तो निकॉनचा. किंमत साध्याच्या दुपटीच्या आसपास जाते, पण तुमच्या कॅमेऱ्यावर बसून चालणारा हाच. दुकानात जुना साठा असू शकतो, म्हणून कॅमेरा सोबत न्या आणि फ्लॅश लावून फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका. खोक्यावर ‘युनिव्हर्सल’ छापलंय यावर मुळीच जाऊ नका.

मित्राचा फ्लॅश वापरायचाच असेल तर एक वाट आहे. तो स्टँडवर बाजूला ठेवा, मोड ‘एस-२’ करा आणि कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उघडा. छोटा चमकला की मोठा ते बघून पेटतो. ‘एस-१’ ठेवू नका. कॅमेरा मोजमापासाठी आधी एक हलकी चमक सोडतो. एस-१ तिलाच फसून आधीच पेटतो आणि फोटो काळा येतो. ही युक्ती घरात चालते. उन्हात भरवसा नाही, आणि लग्नात तर दुसऱ्या कुणाच्याही फ्लॅशवर तुमचा पेटत राहील.

प्रश्न (नांदेड) : एका फ्लॅशवर गाइड नंबर ६० लिहिलाय, दुसऱ्यावर ३६. पहिला जवळपास दुप्पट ताकदीचा समजायचा का?

हा आकडा वाचायची रीत अशी : गाइड नंबर भागिले अपर्चर (लेन्सच्या भोकाचा एफ-आकडा) म्हणजे आयएसओ १००वर उजेड किती मीटर पोचेल ते अंतर. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा. कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशचा नंबर ९च्या आसपास असतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवर एफ/५.६ ठेवलं तर ९ भागिले ५.६, म्हणजे जेमतेम दीड मीटर. आयएसओ ४०० केला की अंतर दुप्पट, सव्वातीन मीटर. बारा फुटांवरची माणसं काळवंडतात ती यामुळेच.

आता मेख. ६० हा आकडा फ्लॅशचं डोकं २०० मिमीपर्यंत झूम करून, उजेड चिंचोळा करून मोजलेला असतो. तोच फ्लॅश ३५ मिमीवर, म्हणजे समूहाच्या फोटोला, साधारण तीस-पस्तीसच भरतो. तेव्हा दोन फ्लॅशची तुलना करताना दोघांचा एकाच झूमवरचा आकडा बघा. तो माहितीपुस्तिकेतल्या तक्त्यात असतो. शिवाय उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून नंबर दुप्पट झाला तर ताकद चौपट असते.

आमच्या मते पहिल्या खरेदीत या आकड्यापेक्षा डोकं वर आणि दोन्ही बाजूंना वळतं की नाही हे महत्त्वाचं. न वळणारा फ्लॅश कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

प्रश्न (बीड) : निकॉन डी३५०० आहे. घरच्या हळदी, बारशी काढायची आहेत. मॅन्युअल घ्यावा की टीटीएल?

टीटीएलमध्ये उजेड किती सोडायचा ते कॅमेरा ठरवतो, मॅन्युअलमध्ये तुम्ही. डी३५००ला मधला ठिपका आहे, त्यामुळे टीटी६००सारखा फ्लॅश बिनदिक्कत चालेल आणि वाचलेल्या पैशांत सेल, चार्जर, स्टँड येईल. शिकायचं असेल तर हाच घ्या. माणसं सारखी पुढे-मागे होत असतील, जसं वरातीत, तर मात्र मॅन्युअलवर दर फोटोला आकडे बदलावे लागतात. तसं काम जास्त असेल तर टीटीएलचे पैसे मोजा.

सुरुवातीची मांडणी लिहून ठेवा : कॅमेरा एम मोडवर, शटर १/१२५, एफ/५.६, आयएसओ ८००. फ्लॅशचं डोकं छताकडे, ताकद १/४. एक फोटो घ्या. चेहरा काळा आला तर १/२, पांढरा पडला तर १/८. चेहरा जमला पण मागची रोषणाई अंधारात गेली, तर फ्लॅशला हात लावू नका, शटर १/६०वर आणा. शटरचा परिणाम फक्त आजूबाजूच्या उजेडावर होतो. अपर्चर आणि आयएसओचा दोन्हींवर. एवढं एक डोक्यात बसलं की मॅन्युअलची भीती जाते.

प्रश्न (धाराशिव) : आमचं घर माळवदाचं आहे. छतावर उजेड मारला की फोटो काळपट आणि तपकिरी येतात. मांडवात तर चेहरे गुलाबी होतात.

छत उजेड परत पाठवतं तेव्हा आपला रंगही सोबत पाठवतं. माळवदाच्या सागवानी तुळया आणि जुनाट फळ्या बहुतेक उजेड गिळतात, उरलेला तपकिरी करून देतात. सिमेंटच्या पांढऱ्या स्लॅबवरूनसुद्धा दीड-दोन स्टॉप उजेड वाया जातोच (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). तिथे ताकद वाढवून भागतं, माळवदात भागत नाही. घरात चुन्याची पांढरी भिंत असेल तर डोकं तिच्याकडे वळवा. चेहऱ्याच्या एका बाजूला सावली पडते आणि ती छान दिसते. भिंतही रंगीत असेल तर थर्माकोलचा मोठा पांढरा पत्रा कुणाला तरी तुमच्या खांद्याच्या बाजूला उंच धरायला सांगा.

मांडवाच्या गुलाबी कापडाचं दुखणं वेगळं. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंग जुळवायच्या सोयीने, ते पुरतं जात नाही, कारण उडून आलेला उजेड गुलाबी असतो आणि बाकीचा दिव्यांचा, पिवळा. तिथे डोकं सरळ वर करा आणि पाठीमागे पांढरा जाड कागद रबराने बांधा, साधारण सहा बाय चार इंचांचा, तीन-साडेतीन इंच वर डोकावेल असा. काही फ्लॅशमध्ये असं कार्ड आतूनच ओढता येतं. त्यावरून पुढे येणारा उजेड पांढरा असतो. आठ-दहा फुटांपर्यंत काम होतं. वर कापड असेल तर ताकद वाढवण्यापेक्षा पुढे सरका. फ्लॅशच्या डोक्यावर प्लास्टिकची पांढरी टोपी उघड्या मैदानात लावणाऱ्यांची कीव येते. वर आभाळच आहे, उजेड परतायचा कुठून? नुसते सेल उतरतात.

प्रश्न (परभणी) : शेतात दुपारी फ्लॅश लावून फोटो काढले, तर फोटोच्या एका कडेला आडवा काळा पट्टा येतो.

शटर १/२००पेक्षा वेगात होतं. त्यापुढे शटरचे दोन पडदे एकमेकांच्या पाठोपाठ धावतात आणि सेन्सर एकाच वेळी पूर्ण उघडा नसतो. फ्लॅश चमकला त्या क्षणी जो भाग झाकलेला होता तो काळा. कडक उन्हात आयएसओ १००, १/२००, एफ/११ ठेवा. गाइड नंबर ३५ धरला तर पूर्ण ताकदीवर फ्लॅश तीन मीटरपर्यंत पुरतो. टोपीखालच्या चेहऱ्यावरची सावली उजळायला एवढं खूप झालं.

हायस्पीड सिंक, म्हणजे याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवण्याची सोय, विकत घेण्याआधी कॅमेऱ्यात ती आहे का बघा. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६००मध्ये नाही, मग फ्लॅशमध्ये असून उपयोग नाही. असली तरी त्या मोडमध्ये ताकद बरीच घटते.

प्रश्न (हिंगोली) : चार सेल घातले, वीस-तीस फोटोंत फ्लॅश मंद झाला.

बहुधा रिमोट-घड्याळाचे साधे सेल असावेत. ते फ्लॅशसाठी नाहीतच. अल्कलाइन चालतात, पण तेही लवकर दमतात, दोन चमकांमधला वेळ वाढत जातो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, १९०० ते २५०० एमएएचचे, चार-चारचे दोन संच. नवे-जुने एकत्र करू नका, संचावर पेनाने खूण करा. चार्जर प्रत्येक सेल वेगळा भरणारा हवा.

याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात. चुकूनही घालू नका : चार मिळून १४.८ व्होल्ट होतात आणि फ्लॅश सहा व्होल्टचा असतो.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना पूर्ण ताकदीवर सलग वीस-तीस चमका मारल्या की चांगला फ्लॅशसुद्धा तापून स्वतःहून थांबतो. १/४ किंवा १/२वर काम करा, आयएसओ वाढवा. गाडीच्या काचेखाली फ्लॅश ठेवू नका. हंगाम संपला की सेल काढून ठेवा. आत फुटलेला सेल पट्ट्या गंजवतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : अजिंठ्यासाठी कोणता फ्लॅश?

कोणताच नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या जपणुकीसाठी फ्लॅशला बंदी आहे. तेच पैसे ५० मिमी एफ/१.८ लेन्समध्ये घाला, आयएसओ १६०० ते ३२००, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते.

प्रश्न (जालना) : स्टुडिओ बंद करणाऱ्या काकांकडून रोलच्या काळातला फ्लॅश फुकट मिळतोय. लावू का?

मोजल्याशिवाय नको. त्या काळातले काही फ्लॅश मधल्या ठिपक्यावर दोनशेच्या वर व्होल्ट सोडतात आणि डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जाळू शकतात. फ्लॅश चार्ज करून ‘रेडी’चा दिवा लागू द्या. मल्टिमीटर डीसीवर, २००च्या वरच्या पट्टीवर ठेवा. लाल काडी फ्लॅशच्या तळाच्या मधल्या खिळ्याला, काळी बाजूच्या धातूच्या पट्टीला. सहाच्या आत आलं तर लावा. सहा ते चोवीसमध्ये असेल तर कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतली मर्यादा बघा. त्यावर असेल तर कॅमेऱ्यावर कधीच नको. उजेड बघून पेटवणारा छोटा स्लेव्ह मिळतो, तो जोडून फ्लॅश स्टँडवर वापरता येईल. त्या व्होल्टेजला चालणारा स्लेव्ह आहे ना, तेवढं विचारून घ्या. आणि दुरुस्तीसाठी तो घरी उघडू नका. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट बराच वेळ राहतात.