१५ वर्षांच्या मुलीला अभ्यास, क्लास, खेळ सगळंच हवंय, पण झोप ६ तासच होते. वेळ कसा बसवायचा?

आधी झोपेची वेळ पक्की करा आणि उरलेल्या तासांत बाकीचं बसवा. आपण नेमकं उलटं करतो, सगळं उरकून जे उरेल ती झोप. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितलंय. या वयात मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) रात्री उशिरा वाढतं, त्यामुळे साडेनऊला डोळा न लागणं हा हट्ट नसतो. तिच्यासोबत बसून आठवड्याचा कागद आखा. सकाळी ६:३० ला उठायचं तर १०:३० ला दिवा बंद, फोन खोलीबाहेर. मग शाळा, जेवण, अंघोळ, जाणं-येणं भरा (जाण्यायेण्याचा वेळ सगळेच विसरतात). काय मावत नाही ते लगेच दिसतं. काय सोडायचं ते मात्र तिलाच ठरवू द्या. तुम्ही परस्पर खेळावर काट मारलीत तर दुसऱ्या दिवशी तो कागद कचऱ्यात जाईल. परीक्षेच्या आठवड्यात हे कोलमडेल, चालतं. पण पुरेशी झोप होऊनही ती दोन-तीन आठवडे थकलेली, चिडचिडी दिसली तर वेळापत्रकाशी खेळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.