‘सुटू दे’ असं मनात आलं होतं

सिस्टर रात्रपाळी संपवून थेट कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) पाण्याचा ग्लास बाजूला सारून म्हणाल्या, "मॅडम, आज्जांना मीच मारलं काय?"

आज्जांना जबड्याचा कॅन्सर. रात्री अडीचला दुखणं कमी करणाऱ्या मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं, साडेचारला ते गेले. पॅलिएटिव्ह वॉर्डातल्या, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या वॉर्डातल्या, बऱ्याच नर्सना हा प्रश्न छळतो. शेवटचा डोस कुणाच्या तरी हातून जाणारच असतो.

आधी मीच चुकले. "त्यांची वेळ आली होती," म्हणून बसले. त्या चिडल्या. "हे नातेवाइकांना आम्हीच सांगतो की!"

मग चार्टवर आले. डोस वाढवला होता? नाही, चार दिवस तोच, चार-चार तासांनी. श्वास? मिनिटाला १६, पूर्ण मिनिट मोजलेले. हाक मारल्यावर डोळेही उघडले होते. मॉर्फिन जास्त झालं तर आधी गुंगी चढते, मग श्वास मंदावतो. तसं काहीच नव्हतं. दुखण्याच्या मानानं बेताबेतानं दिलेल्या मॉर्फिननं सहसा मरण अलीकडे येत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. तरी चेहरा तसाच.

बऱ्याच वेळानं ओढणीचं टोक पिळत बोलल्या, "सुई टोचताना मनात आलं, सुटू दे बाबा यांना आता."

ठणका इथं होता.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी स्वसंरक्षणाबद्दल लिहिताना एक भेद केला: माणसाला जे साधायचं असतं ते वेगळं, आणि ओघानं जे घडतं ते वेगळं. वैद्यकीय नीतिशास्त्रात त्यावरूनच ‘दुहेरी परिणामाचं तत्त्व’ शिकवतात. यातलं अक्षरही मी बोलले नाही. रात्रभर जागलेल्या बाईला कुठं अक्वायनस सांगता? एवढंच विचारलं, "मारायचंच असतं, तर तेवढाच डोस भरला असता?"

"नाही."

"आणि सकाळी आज्जांनी डोळे उघडून चहा मागितला असता तर?"

"चमच्यानं मीच पाजत होते की, मॅडम." मग रडल्या.

सुटू दे, ही माया होती. हेतू सिरिंजमध्ये होता, मोजून भरलेला.

दोन आठवड्यांनी पुन्हा आल्या. झोप अजून मोडते म्हणाल्या. "आज्जांच्या लेकीनं तेव्हा विचारलेलं, ‘सुटले ना हो बाबा?’ मी गप्पच बसले. आता फोन केला तर चालेल काय?"

"करा," म्हटलं. "पण आज आधी झोपा."