‘परत येईन’ असं लिहून देण्याआधी

“दादा, चर्चच्या पैशांवर पीएचडीला गेले तर तिथं मला संशोधक मानतील की प्रचारक?” हे तू विचारलंस आणि माझी झोप उडाली. तू वसईची, तासिका तत्त्वावर मराठी शिकवतेस, चार वर्षांचा मुलगा आहे, इंग्लंडात ख्रिस्तपुराणावर, म्हणजे फादर स्टीफन्स यांच्या मराठी काव्यावर, काम करायचंय. व्हिसा, फी, बँकेतली शिल्लक हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते तिथेच वाच.

आधी नावाचं बघ. मी ते हसण्यावारी नेलं होतं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आमच्या डिमेलोत ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी, शाळेच्या दाखल्यावर सलग, पदवीवर मधे जागा सोडून. पासपोर्टाच्या खालच्या ओळींत तर ते चिन्ह बसतच नाही. खिडकीतल्या बाईंनी तीन कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, “यातले तुम्ही कोणते?” मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा रांग. माझं सत्र सुरू झालं तेव्हा मी विरार लोकलमध्ये लटकत होतो.

पैशांचं. जर्मनीचाही विचार असेल तर बॉनची काड ही संस्था कॅथलिक अभ्यासकांना शिष्यवृत्ती देते. तुझ्या वर्षी भारताला दार उघडं आहे का ते विचार. जॉन स्टॉट या इंग्रज धर्मगुरूंनी सुरू केलेल्या लँगहॅम संस्थेची मदत इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका प्रवाहाच्या, लोकांच्या धर्मशास्त्रातल्या डॉक्टरेटसाठी असते. तुझा विषय साहित्याचा आणि तू कॅथलिक, म्हणजे तिथं वेळ घालवू नकोस. माणसानं शिकून मायदेशी जाऊन शिकवावं, ही दोघांचीही अपेक्षा. वाजवीच आहे.

माझ्या शिष्यवृत्तीलाही तीच अट होती, आणि मी आलो. अगं, खरंच आलो. एका कॉलेजात मुलाखतीला पहिला प्रश्न काय, तर “तुमचं मराठी इतकं शुद्ध कसं?” फादर स्टीफन्सचं पुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, आणि मी अजून मराठीचा पाहुणाच. नऊ तासिका मिळाल्या, मानधन सहा-सहा महिन्यांनी. दोन वर्षांनी पुन्हा विमानात बसलो. संस्थेनं जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

तिकडे दुसरा प्रश्न असतो, फार सभ्यपणे: “तुमचं कुटुंब केव्हा ख्रिस्ती झालं?” मी पोर्तुगीज आणि वसईचा किल्ला इथून सुरुवात करायचो. आता करत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की तुला संशोधकच मानतील, फक्त दोन्हीकडे आधी स्वतःची ओळख करून द्यावी लागेल. त्या पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही, आणि देवनागरी हस्तलिखित लंडनला सोआस या विद्यापीठ-संस्थेत आहे. आपलंच पुस्तक बघायला सही करून आत जावं लागतं, हे एका सेमिनारात बोलताना माझा आवाज चढला होता. तू चढू देऊ नकोस. किंवा दे.

एकटेपणा? हीटर लाव, रविवारी मिस्सेला जा, निभतं.

एका राखेच्या बुधवारी, म्हणजे आपल्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख घेऊन डिपार्टमेंटमध्ये गेलो. सहकाऱ्यानं काळजीनं टिश्यू पुढे केला, “काहीतरी लागलंय.” मी पुसलं. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

मला खरा आधार मिळाला तो विद्यापीठाच्या चॅप्लेनकडे, म्हणजे तिथल्या धर्मगुरूकडे, जमणाऱ्या दोघांचा. एक केनियाचा, केमिस्ट्रीतला. एक पोलिश बाई, कायद्याची. दर गुरुवारी सूप आणि एकमेकांची प्रकरणं. मराठीचं अक्षर येत नसताना त्या केनियावाल्यानं माझं तिसरं प्रकरण वाचलं आणि म्हणाला, “इथं तू घाबरून लिहिलंयस.” शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेस तितक्याच चिकाटीनं अशी दोन माणसं शोध.

आणि मुलगा. आमच्या मुलाच्या शिक्षिकेनं सांगितलं, घरी इंग्रजीच बोला, म्हणजे मागे पडणार नाही. आम्ही दोघं पीएचडीवाले, आणि ऐकलं! आता तो चौदाचा आहे. व्हिडिओवर माझी आई सामवेदीत, आपल्या वसईच्या बोलीत, जेवणाचं विचारते, तो माझ्याकडे बघतो, मी इंग्रजीत सांगतो. तू ऐकू नकोस.

फादरांची बदली व्हायच्या आत बाप्तिस्म्याचे दाखले काढ, मुलाचाही. दोन-दोन प्रती. आणि नाव कसं लिहिलंय ते तिथेच, टेबलासमोर उभी राहून वाच.