गेस्ट हाउसचं रजिस्टर आणि वकिलीचा विचार

पेडणे तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. हरमलला त्यांच्या चार खोल्या आहेत, मोसमात रशियन आणि ब्रिटिश पाहुणे उतरतात. लेक बारावी आर्ट्सला. गेल्या वर्षी एका पाहुण्याच्या व्हिसाची मुदत उलटल्याचं निघालं, पोलीस चौकशीला आले आणि तेव्हापासून मुलगी म्हणते, ‘मला इमिग्रेशन कायद्यातच वकिली करायची आहे.’ मामा म्हणतो, ‘परदेशी माणसांची बाजू घ्यायची म्हणजे देशाच्या विरोधात उभं राहायचं. आणि सरकार इतकं कडक झाल्यावर कोर्टात जाऊन मिळणार काय?’ आईला मात्र एवढंच विचारायचंय, की यात पोट भरेल का?

ताई, आधी मामांचं बघू, कारण त्यांचं अर्धं बोलणं खरं आहे. परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे, हे सुप्रीम कोर्टाने 1955 साली हान्स म्यूलर या जर्मन माणसाच्या खटल्यातच सांगितलं. 1937 पासून भारतात राहिलेल्या एका बेल्जियन मिशनऱ्यालाही 1991 मध्ये कोर्टाने दिलासा दिला नाही. देशात राहण्याचा मूलभूत हक्क नागरिकाचा. परदेशी माणसाला राज्यघटनेच्या 21व्या कलमाचं, म्हणजे जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण मिळतं. त्यात 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. 1946 च्या परदेशी नागरिक कायद्यासह चार जुने कायदे त्यात गेले. बनावट पासपोर्ट वापरला तर 2 ते 7 वर्षं कैद. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन अधिकाऱ्याने विमानतळावरून परत पाठवलं, तर कायद्याच्या भाषेत तो निर्णय अंतिम. आणि माणूस परदेशी की भारतीय असा वाद निघाला, तर आपण परदेशी नाही हे त्यानेच सिद्ध करायचं.

मामा इथे थांबतात. मी थांबत नाही. अधिकार आहे हे एक, तो नीट वापरला का हे दुसरं. एप्रिल 2023 मध्ये एका मल्याळी वृत्तवाहिनीच्या परवान्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सरकारला सुनावलं, की राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून काढता येत नाही. समोरच्या पक्षाला न दाखवता बंद लिफाफ्यात कागद देण्याच्या पद्धतीवरही कोर्टाने ताशेरे ओढले. ते प्रकरण वाहिनीचं होतं, परदेशी माणसाचं नव्हे, पण वकिलाने कुठे बोट ठेवायचं ते त्यातून शिकता येतं. शिवाय कोर्टात टिकेल असा आदेश लिहायला सरकारलाही याच कायद्याचा जाणकार लागतो. पर्वरीच्या हायकोर्टात सरकारतर्फे उभं राहणाऱ्याला मामा देशद्रोही म्हणणार नाहीत ना?

आता पोटाचं. गोव्यात या कामाची मुळं आपल्या घरातच आहेत. 19 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलेले लोक आणि त्यांची मुलंबाळं पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेतात. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या 9व्या कलमाने भारताचं संपतं. मग पासपोर्ट परत करायचा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) काढायचं, मतदारयादी, वडिलार्जित जमीन. आणि मुद्दाम न कळवता जुनाच पासपोर्ट वापरत राहिलेल्यांची गाडी तर हमखास अडते. सासष्टीत आणि बार्देशात अशी घरं कमी नाहीत. गाजणारे खटले क्वचितच येतात; रोजची भाकरी या कागदांवर चालते. पण सुरुवातीची तीन-चार वर्षं सीनियर वकिलाकडे पैसा जेमतेमच, हे आत्ताच धरून चाला.

वाट सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षांचं बीए एलएलबी. मिरामारचं साळगावकर कॉलेज किंवा मडगावचं कारे कॉलेज गोव्यातच आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. इमिग्रेशनचं नाव लावलेल्या सर्टिफिकेट कोर्सवर आत्ता पैसे घालवू नका. घटना, प्रशासकीय कायदा, पुराव्याचा कायदा पक्का झाला की इमिग्रेशन पाठोपाठ येतं. विमानतळावरच्या इमिग्रेशन काउंटरच्या पलीकडे, अधिकारी म्हणून बसायचं असेल, तर इंटेलिजन्स ब्युरोची परीक्षा कुठल्याही पदवीनंतर देता येते.

आणि नाक्यावरच्या व्हिसा एजंटला ‘इमिग्रेशनवाला’ म्हणून तिच्यासमोर उभं करू नका. एजंट फॉर्म भरतो. वकिलाला फॉर्म फेटाळला गेल्यावर काय करायचं ते कळतं. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यावर फी घेऊन सल्ला द्यायला तिथली नोंदणी लागते. भारतातल्या सनदेवर ते होत नाही.

तोवर एक करा. या मोसमात पाहुण्यांच्या नोंदीचं काम तिच्याकडे द्या: पासपोर्ट, व्हिसाचा प्रकार, मुदत, चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं ते सगळं. सोबत नव्या कायद्याची प्रत द्या, इंटरनेटवर फुकट मिळते. घरमालकावर त्यात काय जबाबदारी टाकली आहे ते तिने शोधून तुम्हाला आणि मामांना मराठीत समजावून सांगावं. दोन पानांतच तिला कंटाळा आला तर मला कळवा, दुसरं काही बघू. आणि रात्री जेवायचं विसरून वाचत बसली, तरी कळवा.