केस धुताना तो नळ का धरतो?

"मॅडम, २३ वर्षांचा झाला, तरी डोक्यावरून न्हायचं म्हटलं की नळ गच्च धरून ठेवतो. मला आत उभं राहावं लागतं. हट्टच की हा!" आई सांगत होत्या. ऑटिझम असलेला त्यांचा मुलगा शेजारीच मान खाली घालून ऐकत होता. (दोघांना विचारून, ओळख बदलून लिहिते आहे.)

हट्टी, आळशी, वेंधळा. मोठ्या झालेल्या मुलांबद्दल हे शब्द मी फार ऐकते, आणि दर वेळी वाईट वाटतं. मी विचारलं, नळ नेमका कधी धरतो? आई आठवू लागल्या. उत्तर त्यानेच दिलं. "शाम्पू. डोळे बंद."

तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणची माहिती जुळवतो: डोळे, आतला कान आणि तळपाय-सांधे-स्नायू. ऑटिझममध्ये अनेकांना ही जुळवाजुळव जड जाते. नॅन्सी मिनश्यू आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ५ ते ५२ वर्षांची माणसं होती. ऑटिझम असलेल्यांचा तोल कमी स्थिर होता, आणि पायांकडून येणारी माहिती बिघडवली की हा फरक ठळक व्हायचा. आता न्हाणीघर डोळ्यांसमोर आणा. फरशी ओली, पाय घसरतो, त्यात डोळे मिटलेले. अशा वेळी नळाला लागलेला हात शरीराला सांगतो की तू सरळ उभा आहेस. तो नळ सोडणार कसा?

आईंचे डोळे भरून आले. "आणि मी ओरडत होते हो त्याच्यावर." मग तोच प्रश्न, जो सगळेच पालक विचारतात: आता वय गेलं, आता काय होणार?

वय गेलेलं नाही. सरावाने तोल मोठेपणीही सुधारू शकतो, मात्र किती ते आधी सांगता येत नाही. त्याला लहानपणापासून हा त्रास होता. पण तोल अलीकडेच जायला लागला असेल, तर आधी डॉक्टर गाठा. कान, डोळे तपासून घ्या, आणि फिटची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण काही गोळ्यांनी तोल जातो.

फिजिओथेरपिस्टने सराव आखून दिला. ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहायचं, आणि फरशीच्या रेघेवरून टाचेला चवडा जोडत चालायचं. रेघ त्याला आवडली. सकाळी कुणी न सांगता तो तिच्यावर उभा असतो. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवला, खाली रबरी चटई घातली, आणि केस धुवायला पक्क्या पायांचं स्टूल ठेवलं.

तीन महिन्यांनी आईंचा फोन आला. दांडा तो अजूनही धरतो. पण आता केस धुताना आईला बाहेर जायला सांगतो आणि दार लोटून घेतो.