तुझ्या वेळेला कोणी पडत नाही गं

कॅनडातल्या मिसिसागाच्या एका बहिणीचं पत्र आलंय, चांगलं तीन पानी, त्यात चार प्रश्न. आधीच सांगते, मी एकालाच धरून बसणारे, बाकीच्यांचं शेवटी बघू, नेहमीसारखं.

ती लिहिते, "ताई, जानेवारीत शेजारच्या पोलिश आजी बर्फावरून घसरल्या, खुबा मोडला. त्यांचं इथे कोणी नाही म्हणून अँब्युलन्समधे मीच गेले. दुसऱ्या दिवशी माझी अकाउंटिंगची परीक्षा होती, ती हुकली. आता आजी घरी आल्यात आणि रोज संध्याकाळी फोन, दूध संपलं, गोळ्यांची डबी उघडत नाही. मिस्टर म्हणतात तू काय त्यांची मुलगी आहेस का. ताई, सेवा करायची माझी तयारी आहे, चर्चमधे करतेच, पण माझ्या वेळेला जमेल तशी."

माझ्या वेळेला! इथे मी चहाचा कप खाली ठेवला. अगं बाई, तुझ्या वेळेला कोण पडणार बर्फावर? इकडे आल्यापासून आपण सगळं कॅलेंडरमधे टाकायला शिकलो, मैत्रिणीकडे चहाला जायचं तर तीन आठवडे आधी विचारायचं, मग देवालाही तसाच स्लॉट दिला, रविवार साडेदहा ते बारा, आणि त्याच्या बाहेर त्याने दार वाजवलं की आपली चिडचिड.

बायबलमधे मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढ. याईर म्हणून सभास्थानाचा एक अधिकारी, त्याची मुलगी मरायला टेकलीय, प्रभू येशू तिकडेच निघालाय, ही गर्दी, आणि वाटेत ती बाई, बारा वर्षं रक्तस्राव, होता नव्हता तो पैसा वैद्यांवर घालवलेला, मागून येऊन वस्त्राला शिवते. बरी पण झाली तिथल्या तिथे. तो तसाच पुढे गेला असता तरी चाललं असतं ना? पण थांबतो, कोण शिवलं विचारतो, तिचं सगळं ऐकून घेतो. मला दर वेळी त्या याईराचंच वाटतं, बाजूला उभा राहून मनात काय म्हणत असेल बिचारा. आणि तेवढ्यात निरोप येतोच, मुलगी गेली. म्हणजे थांबलं की काहीतरी जातं, हे शास्त्रातच आहे, आपण उपासनेत तेवढंच गाळून पुढच्या चमत्कारावर उडी मारतो. तुझी परीक्षा गेली, फी पण गेली असेल, त्याचं वाईट वाटलं तर वाटू दे, त्यात पाप नाही.

माझी आई मिरजेला वानलेस डॉक्टरांनी 1894 साली काढलेल्या दवाखान्यात शिकलेली नर्स. पुढे आम्ही नगरकडच्या खेड्यात राहायला आलो, तिथे मटण शिजायचं ते आठवड्यातून एकदा, रविवारी. एका रविवारी चुलीवर पातेलं चढवलेलं आणि दारात एकजण, विळ्याने पोटरी उघडी पडलेली. आई उठली, मला म्हणाली ढवळत राहा, आणि मी रक्त बघायला पळाले. रस्सा असा लागला की पातेलं दोन दिवस राखेने घासलं. जळकं मटण भाकरीबरोबर खाल्लं सगळ्यांनी, आईने पण, एक अक्षर न बोलता. पण हेही ऐक, हीच आई दुपारी दोन ते चार दार लावून झोपायची आणि साध्या खोकल्याला उठायची नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघ ना. केडगावची जमीन (दौंडकडचं केडगाव, आमचं नगरचं नव्हे) घेतली होती फळबागेसाठी, शारदा सदनाला, म्हणजे त्यांच्या विधवा-मुलींच्या आश्रमशाळेला, उत्पन्न व्हावं म्हणून. मधेच 1896-97 चा दुष्काळ आला, स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेलेले, ती बाई घरात कशी बसेल? मध्य प्रांतातून शेकड्यांनी मुली आणल्या आणि फळबागेच्या जागी मुक्ती मिशन उभं राहिलं.

आता मी मोठी शहाणी म्हणून सांगत नाहीये. इकडे आले त्याच्या तिसऱ्या वर्षी भारतात जायच्या बॅगा भरत होते, वजनकाटा, लोणच्याच्या बरण्या, सगळा पसारा, आणि चर्चच्या मंडळीतल्या एका मैत्रिणीचा फोन वाजत राहिला. नंतर करू म्हटलं. तिचा गर्भ गेला त्या रात्री, नवरा नाइट शिफ्टला, एकटी होती. कधी बोलली नाही मला. मी अजून तिच्यासमोर नीट उभी राहू शकत नाही.

तर तू असं कर. रोजचा फोन बंद आणि तुझे दोन वार पक्के, आजींना तोंडावर प्रेमाने सांग. बाकीच्या दिवसांचं महिला मंडळात मांड, नुसती "प्रार्थना करू" म्हणाल्या तर वार विचार. फॅमिली डॉक्टरकडून सरकारी होम केअरचं बघा, गोळ्या फार्मसीवाले वारांप्रमाणे पॅक करून देतात, नुसतं मागायचं. आणि मिस्टरांच्या हातात फावडं दे, आजींचा ड्राइव्हवे त्यांचा, मुलगी नसलीस तरी शेजारी आहातच की. पुढची परीक्षा आत्ताच भर. दारात कोणी खरंच पडलं तर सोडून उठ, नुसतं दूध संपलं तर नाही.

बाकीचं पटकन. मुलगी मराठी उपासनेला येत नाही, नको येऊ दे, आजींकडे घेऊन जा तिला. सासूबाई आणि हीटर, दोन स्वेटर आणून दे, विषय संपला. पुतण्याच्या लग्नाला जाऊ का, ते तिकिटाचे दर बघून तुम्हीच ठरवा.

आणि हो, याईराची मुलगी जिवंत होऊन उठल्यावर प्रभू काय म्हणाला माहितीये ना, हिला काहीतरी खायला द्या. आजींना वरणभात नेशील तर मोहरीची फोडणी नको घालूस, कवळीखाली अडकते.